तिसरा खड्डा

हिवाळा लागला की गावात तुराटइतका नावडता माणूस दुसरा नसे. पलीकडच्या खोऱ्यात जाणारी वाट एका उघड्या उताराखालून जाई, आणि त्या उतारावरचा बर्फ आज घसरेल की नाही हे सांगणं तुराटचं काम. कुणाला मेंढ्या आणायच्या असत, कुणाला लेकीकडं जायचं असे. याचा आपला नन्नाचा पाढा. मागच्या हिवाळ्यात त्यानं एशिमला त्याच्या आईच्या दफनाला जाऊ दिलं नाही. उतार काही कोसळला नाही. आई मात्र मुलावाचून मातीत गेली. तेव्हापासून एशिमनं तुराटच्या घरचा चहासुद्धा वर्ज्य केला होता.

यंदा तुराटचे वडीलच गेले, पलीकडं, धाकट्या मुलाच्या घरी. थोरल्यानं लांबूनच हंबरडा फोडत यायचं, मयत ठेवलेल्या तंबूच्या दाराशी काठीवर टेकून उभं राहायचं, कबरीत माती लोटायची, ही रीत. निरोप येताच तुराटसह चौघं निघाले. मयताचं काम, म्हणून एशिमही आला.

उताराच्या अलीकडं, त्याच दिशेला तोंड असलेल्या एका बुटक्या चढावर तुराटनं खड्डा खणला. वर वाऱ्यानं घट्ट बसवलेला थर, तळाशी जाड साखरेसारखा सुटा बर्फ. कडेचा एक चौकोनी खांब त्यानं कापून मोकळा केला, वर फावडं आडवं ठेवलं आणि हातानं थापट्या मारल्या. दोन-चार थापट्यांतच वरचा थर अख्खा सटकला; म्हणजे मोठा उतारही असाच सुटू शकत होता.

तुराट जरा बाजूला सरकला, पुन्हा खणलं. तेच. मग तिसरा खड्डा. या खेपेला झोपलेल्या पोराला थोपटावं इतक्या हळू थापट्या. तरी थर सटकलाच.

"चौथा खणा की, बाइके," थोरल्या भावाला मारतात ती हाक मारत एशिम म्हणाला. "खणत राहिलात तर हवं ते सांगणारा बर्फ सापडेल कुठंतरी. माझ्या आईच्या वेळी एकाच खड्ड्यात भागलं होतं."

तुराटला हे फार लागलं, कारण ते खरं होतं. त्यानं फावडं उचललं. "मागं फिरा."

"आणि तुम्ही?"

"मीही."

मग तिथंच, कमरेवर हात ठेवून, त्यानं बापाच्या नावानं हंबरडा फोडला. पलीकडं तो कुणाला ऐकू गेला नाही.

उतार यंदाही कोसळला नाही. वसंतात त्यावरचा बर्फ गपचूप वितळून गेला. वाट मोकळी झाल्यावर तुराट कबरीवर गेला, तेव्हा एशिम न बोलावता सोबत निघाला.

"त्या दिवशी पोचलो असतो रे," तुराट मातीवर हात ठेवून म्हणाला.

"आईच्या वेळी मीही पोचलो असतो."

"हो."

"तरी पुढच्या वेळी नाहीच म्हणाल?"

"म्हणेन."

एशिमनं तुराटला दंडाला धरून उठवलं.

"चला. आईची कबर त्या टोकाला आहे. तुम्ही तिथं अजून आलेलाच नाहीत."