जावयाची टर्की

आमचे जावई त्या वर्षी चैत्रात एकटेच आले.

लेक शिकायला कॅनडाला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि तिथल्याच मुलाशी तिनं लग्न केलं. या खेपेआधी एकदा दोघं जोडीनं येऊन गेली होती. तेव्हा आमच्या उत्रोली गावात घरापुढं मांडव घालून आम्ही गावजेवण दिलं, जावयांना फेटा बांधला. त्यांनी तो दिवसभर उतरवला नाही म्हणून आळीतल्या बायकांना त्यांचं फार कौतुक वाटलं. तेवढीच आमची ओळख. त्यांना मराठी येत नाही. मला इंग्रजी येतं ते अंगणवाडीत पोरांना शिकवण्यापुरतं. रंग, फळं, प्राणी, सिट डाऊन, व्हेरी गुड. ह्यांना तर तेवढंही नाही. हे भातशेतीचे माणूस, बोलतात तेच मुळात मोजकं.

लेकीचा फोन आला होता. "आई, मला सुट्टी मिळत नाही. तो येतोय आठवडाभर. राहू दे त्याला निवांत. फार काही विचारत बसू नका."

 विचारू नका म्हणजे विचारण्यासारखं काहीतरी आहे. ह्यांना नुकतीच, त्या हिवाळ्यात, पुण्याला नेऊन स्टेंट बसवली होती, म्हणून मी फोनचं सगळं सांगितलं नाही. पण हे न सांगता ओळखतात.

"एकटं कशाला धाडलं असंल?" हे म्हणाले. "सोडचिठ्ठीचं काय न्हाई ना?"

"भलतं बोलू नका."

"म्या आपलं इचारतो."

जावई आले ते आधीपेक्षा वाळलेले दिसले. सकाळी उठून पडवीत बसायचे आणि समोरच्या मोकळ्या खाचरांकडं बघत राहायचे. त्या दिवसांत खाचरात बघण्यासारखं काय असतं? धसकटं आणि ऊन. जेवण झालं की आपलं ताट स्वतः घासायला घ्यायचे. मी "नो, नो" करत हिसकावून घ्यायची, आणि शेजारीण कुंपणापलीकडून बघत असायची. लेकीचं नाव काढलं की हसायचे. रागावलेल्या माणसासारखं ते हसणं नव्हतं. मग नेमकं काय होतं, ते कळेना.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. त्यात ते इंग्रजीत बोलले की आतली बाई मराठीत बोलायची. बाई म्हणाली, "रविवार ईस्टर आहे. मला तुमच्यासाठी एक संपूर्ण टर्की भाजायची इच्छा आहे."

"टर्की?" हे म्हणाले. "त्यो तर देश हाय न्हवं?"

मग जावयांनी फोटो दाखवला. कोंबडीचाच प्रकार, पण अंगानं तिप्पट, आणि गळ्याला लाल झालर लोंबणारी. असले पक्षी किकवीजवळ एकानं गावठी कोंबड्या आणि बदकांबरोबर पाळलेत, हे ह्यांना माहीत होतं. म्हणजे पक्षी मिळणार होता. माझी अडचण वेगळीच. जावई सासुरवाडीला आला की त्याला पाटावर बसवून वाढायचं, हे आम्हाला ठाऊक. तो आपल्याला रांधून घालणार म्हटल्यावर आम्ही बसायचं कुठं आणि त्यानं उभं राहायचं कुठं?

"करू दे," हे म्हणाले. "घरात काम लागलं म्हंजे तोंड उघडंल."

शनिवारी हे दोघं मोटरसायकलवरून किकवीला जाऊन आले. पक्षीवाला सोलून तुकडे करायला निघाला होता. त्याला कातडी ठेवून नुसती पिसं काढायला लावताना ह्यांच्या नाकी नऊ आले. "आख्खी? कातड्यासकट? पूजा मांडायची हाय का तिची?" असं तो म्हणाला म्हणे. घरी आणल्यावर जावयांनी माझ्या पाणी तापवायच्या मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी केलं, त्यात पक्षी बुडवला आणि भोवती बर्फ रचायला सांगितलं. बर्फ ह्यांनी भोरच्या मासेवाल्याकडून आणला. मांस शिजवायच्या आधी रात्रभर खारवायचं, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. लोणचं घालतात की काय, असं मला वाटत राहिलं.

रविवारी सकाळी त्यांनी बॅगेतून सुकलेल्या पाल्याच्या पुड्या काढल्या. एकीचा वास ओव्यासारखा, एकीचा थेट निलगिरीसारखा. त्यांना ओला पालाही हवा होता. ते अंगणात गेले आणि मी बघते तर वाकून तुळशीची पानं खुडायच्या बेतात.

"नो!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारीण बाहेर आली. "नो, नो! गॉड! धिस गॉड!"

ते दोन्ही हात वर करून मागं सरले. त्यांच्या तोंडाचा रंगच उडाला. मलाही ओशाळल्यासारखं झालं. मी त्यांचा हात धरून मोरीजवळच्या कुंडीपाशी नेलं आणि ओव्याची पानं चुरगाळून त्यांच्या नाकाशी धरली. त्यांनी डोळे मिटून वास घेतला. "येस," म्हणाले. ती कुंडी त्या दिवशी भादरून निघाली.

मग मी घरी काढलेल्या लोण्यात लसूण, ओव्याची पानं आणि पुड्यांतला पाला कालवून ते त्यांनी कातडीच्या आत हात घालून हळूहळू चोळलं. न्हाऊ घालणारीण बाळाला तेल लावते तसं. एवढं जपून मांसाला हात लावणारा पुरुष मी पाहिला नव्हता. मध्येच ते थांबले, मनगटानं डोळा पुसला. लसणानं झोंबलं असेल, असं मी धरून चालले.

आमच्याकडं भट्टी कुठली? ह्यांनी भोरच्या बेकरीवाल्याला गाठलं होतं. जुनी ओळख. तो आधी नाहीच म्हणाला. खारी-नानकटाईला वास लागेल, उपासाची गिऱ्हाइकं ओरडतील. मग पक्षी बघायच्या उत्सुकतेनं तयार झाला. पाव निघाल्यावर दुपारी भट्टी मोकळी असते तेव्हा आणा, वरून चंदेरी कागद घट्ट लावा, एवढ्या अटी घातल्या. परात जावयांच्या मांडीवर ठेवून आम्ही वडापच्या, वाटेत माणसं भरत जाणाऱ्या जीपमधून भोरला निघालो. वरून माझ्या जुन्या पातळाचा धुतलेला तुकडा झाकला होता. जीपमधल्या एका म्हातारीनं परातीला हात लावून नमस्कार केला आणि मला विचारलं, "कुठल्या देवाचा निवद हाय, बाई?"

मी "त्यांच्या" एवढंच म्हणाले.

परात भट्टीत गेली आणि आम्ही तिघं बेकरीबाहेरच्या बाकावर बसलो. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. मधूनमधून जावई आत जाऊन लोणी ओतून यायचे. एकदा येऊन बसल्यावर त्यांनी मोबाईलमधला एक फोटो मला दाखवला. त्यांची आई. लग्नाच्या वेळी मोबाईलवर पाहिल्या होत्या, म्हणून ओळखल्या. पुढं टेबलावर असलाच भाजलेला पक्षी आणि बाई हसताहेत.

"मदर!" मी म्हणाले. "नाइस. हाऊ मदर?"

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "शी पास्ड. इन जॅन्युअरी."

आता, लेकीनं मला मागं सांगितलं होतं की तिच्या सासूबाई या वयात चित्रकलेच्या क्लासला जातात. मला ते एकदम आठवलं. मला वाटलं, परीक्षा झालेली दिसते.

"पास? व्हेरी गुड!" मी म्हणाले. तेवढ्यावर थांबले नाही. त्यांचा हात हातात घेऊन हलवला. "व्हेरी, व्हेरी गुड!"

"काय म्हणत्यात?" ह्यांनी विचारलं.

"विहीणबाई परीक्षा पास झाल्या."

"व्हय? लई भारी," हे म्हणाले आणि त्यांनीही जावयांच्या पाठीवर थाप मारली.

 जावयांनी एकदा माझ्याकडं, एकदा ह्यांच्याकडं बघितलं. मग उठून भट्टीकडं गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी बाकावर बसून विचार करत राहिले की आनंदाच्या बातमीला हा माणूस असा का वागला. आई आणि मुलाचं पटत नाही की काय? की अशी शाबासकी त्यांच्यात वाईट समजतात?

ऊन उतरताना टर्की बाहेर आली. सगळीकडून तांबूस, फुगलेली, चकाकणारी. बेकरीवाल्यानं गिऱ्हाईक सोडून तिच्याबरोबर स्वतःचा फोटो काढून घेतला. येताना वास झाकता येईना. जीपमधली माणसं माना वळवून बघत होती.

घरी आल्यावर मी मागच्या दारी जाऊन लेकीला फोन लावला. तिकडं सकाळ झाली होती.

"काय गं, सासूबाई पास झाल्या आणि तू सांगितलं नाहीस?"

"पास? कशात पास?"

"ते म्हणाले ना. पास्ड, जॅन्युअरीत. मी त्यांना व्हेरी गुड म्हणाले."

  पलीकडून तिचं रडणं ऐकू आलं.

"आई, पास्ड म्हणजे वारल्या. त्या गेल्या, आई."

मी धुण्याच्या दगडावर बसले. बाबांना स्टेंट बसली त्याच आठवड्यात त्या गेल्या, ती म्हणाली. तेव्हा तुम्हाला कसं सांगायचं? नंतर सांगू, नंतर सांगू म्हणता राहूनच गेलं. दर ईस्टरला त्या टर्की करायच्या. या वेळी त्याला त्या घरात थांबवेना, म्हणून मीच म्हटलं, माझ्या आईकडं जा. तुम्हाला मी सांगितलंय, असंच तो समजतो, आई.

म्हणजे त्या माणसाला वाटत होतं की आम्हाला सगळं माहीत आहे. आणि सगळं माहीत असताना मी त्याच्या आईच्या मरणाला व्हेरी गुड म्हणाले. एकदा नाही, दोनदा.

मी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं. छातीला जपून, हळूहळू सांगितलं. हे भिंतीला टेकून उभे राहिले.

"म्या पाठ थोपटली त्यांची," एवढंच म्हणाले.

 आमच्यात माणूस गेलं की वर्षभर त्या घरात सण करत नाहीत. आणि इथं तर जावई आत माझ्या ओट्यापाशी सणाचं जेवण मांडत होते. थांबवायचं की बसायचं? आमच्यात अशा घरी सोयऱ्यांनी दुखवटा घेऊन जायचं असतं. टॉवेल-टोपी, कपडे द्यायचे, सोबत शिजवलेलं न्यायचं आणि समोर बसवून त्यांना चार घास खायला लावायचे. पण इथं दुःख ज्याचं, त्यानंच रांधलं होतं. मोबाईलमधल्या बाईच्या तोंडून माफी मागावी, तर ती काय बोलेल याचा भरवसा नाही.

ह्यांनी ट्रंक उघडली. कोरा टॉवेल आणि पांढरी टोपी काढली. बाहेर येऊन पाट मांडला, जावयांना हाताला धरून बसवलं. टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला, टोपी डोक्यावर ठेवली. मग परातीतल्या टर्कीचा एक तुकडा तोडून त्यांच्या तोंडापाशी धरला.

"खावा," हे म्हणाले. "आमाला म्हाईत न्हवतं, बापू. खावा."

जावयांना त्यातलं किती कळलं, देव जाणे. मागच्या वेळी फेटा बांधला होता, तसाच हा मान, असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी टोपी चाचपली, ती नीट बसवली आणि घास घेतला. खूप वेळ चावत राहिले. मी म्हणाले, "मदर. सॉरी. आय नॉट नो." त्यांनी मान हलवली. मग मोबाईल उचलून काहीतरी बोलले आणि तो आमच्यापुढं धरला.

बाई म्हणाली, "माझ्या आईचा पक्षी नेहमी कोरडा होता. प्रत्येक वर्षी. हा पक्षी ओला आहे."

आणि ते हसायला लागले. पोट धरून हसले. हसता हसता रडायला लागले, ते टोपीसकट गुडघ्यात डोकं घालून. ह्यांचा हात त्यांच्या पाठीवर होता. या खेपेला थाप नव्हती, नुसता हात. मी काय करावं? मी सुरी घेतली आणि त्यांनी दाखवल्या होत्या तशा पातळ फोडी कापायला लागले.

चव? मला सांगता येणार नाही. मऊ होती, मिळमिळीत होती, ओव्याचा वास होता. ह्यांनी भाकरीबरोबर खाल्ली आणि डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलेला ठेचा मागून घेतला. मी दिला. उरलेल्याचा दुसऱ्या दिवशी रस्सा केला, तो जावयांनी नाक पुसत दोनदा घेतला.

ते गेले त्या दिवशी नसरापूरला हायवेपर्यंत आम्ही पोचवायला गेलो. गाडीत बसताना त्यांनी मला मिठी मारून कानात काहीतरी सांगितलं. गाडी निघाल्यावर हे म्हणाले, "काय म्हणालं?"

"नीट कळलं नाही," मी म्हणाले. खरंच कळलं नव्हतं.

दिवाळीला लेक आली. मी तिला विचारलं, "बाबांनी टोपी घातली ती कशाची, ते त्यांना ठाऊक आहे का गं?"

ती म्हणाली, "मी विचारलं होतं. तो म्हणतो, त्या दिवशी बाबांनी मला तुमच्यात घेतलं."

हे चुकीचं, असं म्हणावं तर जीभ उचलेना. बरोबर, असंही म्हणवेना. मी तिला दुखवटा म्हणजे काय ते समजावून सांगायला बसले, तर तिलाही ते नीट माहीत नव्हतं. ती विचारत गेली, टोपीच का, टॉवेल का, घास कुणी भरवायचा. दोन-तीन प्रश्नांनंतर माझ्या लक्षात आलं की मलाही सगळं सांगता येत नाहीये. शेवटी ह्यांनाच हाक मारली.