खोक्यावरून कापलेला तुकडा

“डायलिसिस कधीपासून सुरू आहे?” मी सहज विचारलं.

“सुरू कुठं हाये, काकाजी? ते लागू नये म्हणून तर हे पावडर देऊन राहिलो आमी,” सुनंदा म्हणाली.

तिने काउंटरवर ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लाल पट्टी होती. मी तो उचलून पुन्हा नीट पाहिला.

अकोल्यात माझं मेडिकल स्टोअर होतं. आता मुलगा बसतो. खेड्यावरची बरीच गिऱ्हाइकं चिठ्ठी जपत नाहीत. औषध संपलं की खोक्यावरचं नाव कापून आणतात आणि आम्ही त्यावरून माल देतो. सुनंदा बार्शीटाकळीची. तिच्या सासऱ्यांची झेंडूची शेती. त्यांची किडनी अशक्त झाली होती आणि अमरावतीच्या डॉक्टरांनी प्रोटीन पावडर लिहून दिली होती.

प्रोटीन पावडर म्हणजे एकच वस्तू नव्हे. जिमची मुलं नेतात ती व्हे, दुधापासून केलेली. सोयाची वेगळी. किडनीच्या रुग्णांसाठी तर दोन असतात. डायलिसिस सुरू असेल तर जास्त प्रोटीनची, कारण त्यात शरीरातलं प्रोटीन वाहून जातं. सुरू नसेल तर कमी प्रोटीनची, कारण थकलेल्या किडनीला जास्तीचं झेपत नाही. आमच्याकडच्या कंपनीच्या दोन्हींचं नाव एकच होतं. फरक खालच्या पट्टीचा. कमी प्रोटीनची हिरवी, जास्तीची लाल.

तीन आठवड्यांपूर्वी सुनंदाने आणलेल्या तुकड्यावर नाव होतं, पट्टी कात्रीत गेली होती. लाल डबे जास्त खपायचे, हाताशी तेच होते. मी दोन दिले. एक प्रश्न विचारायचा होता, तो विचारला नाही.

“मामंजींची तब्येत कशी आहे?” मी विचारलं.

“उलट्या होऊन राहिल्या. जेवण जात नाही म्हणून दोनदाचं पावडर तीनदा केलं. युरिया वाढला. डॉक्टर म्हणते, असंच राहिलं तर डायलिसिस लावा लागंल. अन् नणंद माह्यावरच आळ घेते, डाळ बंद असून मीच लपून वरण देतो म्हणते त्याईले.”

मी हिरवा डबा काढला. भिंतीवरच्या फ्रेममध्ये माझं लायसन्स होतं. माझी नजर तिकडेच जात होती.

“कंपनीने पॅकिंग बदललं,” मी म्हणालो. “लाल डबा आजच फेकून दे. हा दोनदाच दे. आणि उद्याच त्यांना डॉक्टरांकडे ने.”

पॅकिंग बदललं नव्हतं. त्याच वेळी मी अमरावतीला डॉक्टरांना फोन करायला हवा होता. दोनदा रिसीव्हर उचलला, दोनदा ठेवला.

पुढचे दिवस दुकानासमोर ऑटो थांबला की मी औषध शोधायच्या निमित्ताने आत जायचो. बार्शीटाकळीचं कोणी आलं की आधी चेहरा बघायचो. म्हातारा गेला असेल तर ते त्याच चेहऱ्यावर कळणार होतं.

पंधरा दिवसांनी सुनंदा आली. मी आत जाण्याआधीच बोलली, “युरिया उतरला, काकाजी. डायलिसिस टळलं.”

“मग झालं तर,” मी म्हणालो.

“काय झालं? माह्या हातचं खात नाहीत ते. नणंद अमरावतीहून येऊन सांगून गेली, वहिनीनं पथ्य मोडलं.”

मी तेव्हाही बोललो नाही. सासरे पुढे चार वर्षं जगले. शेवटपर्यंत त्यांचं ताट शेजारच्या जावेने केलं.

गेल्या महिन्यात मी बार्शीटाकळीला जाऊन सुनंदाला सगळं सांगितलं. ती फुलं निवडत होती. हात थांबले नाहीत.

“मले सांगून काय होते? माह्या नणंदेले सांगा.”

म्हणून अमरावतीला गेलो. नणंदेने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्यासमोरच फोन लावला. “वहिनी, दसऱ्याले येतो मी. तुह्या हातचं वरण खाईन,” एवढंच म्हणाली आणि ठेवला.

मग उठता उठता मला म्हणाली, “शुगर हाये का तुमाले? चहा टाकतो. इचारलेलं बरं असते.”

मुलाला मी काउंटरवर एक कागद चिकटवायला लावला आहे. प्रोटीन पावडर कोणासाठी आणि डायलिसिस सुरू आहे का, हे कळल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. एवढ्यासाठी फार्मसी शिकावी लागत नाही.