गच्चीवर टेकायला आलेला ढग

लिफ्टमामाची गोष्ट मजल्यांनी मोजली जायची. दुसऱ्या मजल्यावर उतरणाऱ्याला नुसती सुरुवात, पाचव्याला मधला गुंता आणि शेवट फक्त आठव्याच्या नशिबी. लिफ्टही अशी की मुंगीने हात दाखवला असता तर तिच्यासाठी थांबली असती. जाळीचा दरवाजा ओढून मामा स्टुलावर टेकायचा, डोळे अर्धे मिटायचा आणि लिफ्ट जणू त्याच्या आवाजानेच वर निघायची. खालच्या मजल्यांवरचे लोक मात्र कायम अर्धपोटी राहत आणि कुरकुरत.

मामा-मामी राहायचे गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. दर उन्हाळा आधीच्याला मागे टाकत होता. दुपारी खोलीची भट्टी व्हायची, मामीला धाप लागायची. दुपारच्या झोपेचं नावच नको. डॉक्टरांनी सांगून टाकलं, "त्यांना इथे ठेवू नका." दूर गावी असलेली मुलगी म्हणाली, "आईला मी नेते." मामाला नोकरी सोडता येत नव्हती. सगळा जन्म एकत्र काढला, आणि आता या वयात दोघं दोन गावांत?

उपाय होता. गच्चीला पांढरा चुना, पत्र्यावर वेलींचा मांडव. मामाने रहिवाशांच्या बैठकीत विषय काढला. पण खालच्यांच्या फरश्या गार. त्यांना काय पडलंय? दुसऱ्या मजल्यावरचे नियमकाका, ज्यांच्या होकाराशिवाय इमारतीत खिळा ठोकला जात नसे, म्हणाले, "सगळ्या जगाचं हवामान बिघडलंय, तिथे तुमचा चुना काय दिवे लावणार!" विषय संपला. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरंच. पण मग दुसऱ्याला कळावं तरी कसं?

मामा भांडला नाही. त्याने नवी गोष्ट सुरू केली.

"एक ढग होता," पहिल्या मजल्यापाशी तो म्हणायचा. "चालून चालून थकलेला. गावासाठी पाणी आणलं होतं, पण आधी घटकाभर टेकायचं होतं." तिसऱ्यापाशी ढग एका छपरावर उतरू बघायचा आणि चटका बसून उडायचा. पाचव्यापाशी दुसरं छप्पर, सातव्यापाशी आणखी एक. ऐकणाऱ्याला वाटायचं, आपणच तरंगतोय, खाली शहर तव्यासारखं तापलंय आणि पाय ठेवायला जागा नाही. मग आठव्यावर लिफ्ट थांबायची आणि मामाही.

"मग पुढे?"

"पुढचं मला कुठे येतं? ते मामीला ठाऊक. एक जिना वर चढा. पण दुपारीच जा हं."

लबाडीच ती. पण असल्या लबाडीला दूषण कोणी द्यावं?

शेवटासाठी खालच्या मजल्यांवरचेही आता आठव्यापर्यंत लिफ्टमध्येच थांबू लागले. आधी चौथ्या मजल्यावरची शिवणकाम करणारी ताई गेली आणि घामाघूम होऊन खाली आली. मग एकेक जण. शेवटी न राहवून नियमकाकाही निघाले. गच्चीवर चपलांना बंदी, हा त्यांचाच नियम. त्यांनी चपला दारात काढल्या, आणि दोन पावलांत तळपायाची आग मस्तकात गेली. या खेपेला रागाचा काही संबंध नव्हता. उड्या मारतच ते खोलीत शिरले. मामी भिंतीला टेकून श्वास ओढत होती.

"या काका. गोष्टीसाठी ना?" ती थांबत थांबत म्हणाली. "ढगाला जागाच मिळाली नाही. पाणी घेऊन तसाच पुढे गेला. मीही निघालेय रविवारी. तुम्हाला दुसरा शेवट सुचला तर सांगा."

काका खाटेवर बसले. तळपाय चोळत राहिले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, मला हे कुणी सांगितलंच नाही हो." सांगितलं होतं. पण ते असो.

रविवारी मुलगी आली तेव्हा अख्खी इमारत गच्चीवर चुना फासत होती. काका तावातावाने कुंचला चालवत होते, चपला घालून. वेल वाढायला वेळ होता, म्हणून ताईने जुन्या चादरी जोडून पत्र्यावर ताणल्या होत्या. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी ओरडून विचारत होतं, चुना कुठून आणलात? मुलगी म्हणाली, "आठवडाभर बघते. नाही जमलं तर आईला नेणारच."

त्याच आठवड्यात एका दुपारी मामा जेवायला वर आला. मामी आडवी होती, श्वास सावकाश, एका लयीत. तो घाबरून जवळ वाकला. झोपली होती. भर दुपारी! मामा तिथेच खाली बसला आणि तिची झोप मोडू नये म्हणून तोंडावर हात दाबून रडला. खाली लिफ्टची घंटा वाजत राहिली, मग थांबली. जिन्यावर पावलं वाजली, काकांची कुरकुर, ताईचं "हळू चढा की!", आणि त्या दुपारी सगळी इमारत पायीच चढली.