वेफर्सच्या पुड्यांतला खडक

नशिराबादहून पुण्याला निघालो त्या सकाळी स्टॉपवर माझा बॅनर लागला होता: ‘भावी कॉम्प्युटर इंजिनिअर’. माझा फोटो तळहाताएवढा, बॅनर लावणाऱ्या काकांचा दरवाजाएवढा. अभिनंदन नक्की कोणाचं, हे बसमधल्यांना कळलं नसावं. नानांनी, म्हणजे वडिलांनी, बॅगेत केळीच्या वेफर्सचे पुडे कोंबले. म्हणाले, “तठी कोनाच्या नादी लागू नको.”

मी दगडांच्या नादी लागलो. होस्टेलमागे रस्त्यासाठी टेकडी कापली होती. काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाचा एक पट्टा. भूगर्भशास्त्राच्या एका सीनियरनं सांगितलं, दोनदा लाव्हा वाहिला, मधल्या काळातली ही माती. मधला काळ म्हणजे हजारो वर्षं. त्यानंतर कोडिंगच्या तासाला माझं लक्ष लागेना. महिन्याभरात इंजिनिअरिंगची ॲडमिशन रद्द करून शेजारच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेलो. जागा भरपूर रिकाम्या होत्या. या विषयासाठी कोणी बॅनर लावत नाही.

नानांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “दगडं शिकाले पुन्याले गेला? आपल्या वावरात कमी होते का?”

दिवाळीला आलो तर बॅनर स्टॉपवरून उतरला होता. आमच्याच खळ्यात, कडब्यावर पालथा टाकलेला. माझं तोंड कडब्याकडे.

दुसऱ्या दिवशी बोअरची जागा दाखवायला पाणाड्या आला. तळहातावर आडवा नारळ घेऊन तो वावरभर फिरला. बांधाजवळ नारळ उभा राहिला. काका मला म्हणाले, “काय दगडवाले सायेब, लागीन का पानी?”

“एवढ्यात नाही सांगता येत,” मी म्हणालो. खरं तेच होतं. सगळे हसले. नाना हसले नाहीत; ते पायाखालची ढेकळं बघत राहिले. हसले असते तर बरं झालं असतं. बोअरची गाडी यायच्या आधीच मी पुण्याला परतलो.

आठवड्यानं ट्रॅव्हल्सनं घरून खोकं आलं. वर वेफर्सचे पुडे दिसताच रूममेट तुटून पडले आणि पहिल्याच घासाला थुंकले. आत दगडाचा भुगा होता. बोअरमधून वर आलेला, थराथराचा. प्रत्येक पुड्यावर नानांच्या अक्षरात खोली: तीस फूट, शंभर फूट, दीडशे.

ते पुडे आजही माझ्या टेबलावर आहेत. इथे कुठे इमारतीचा पाया खणलेला दिसला की मी थांबतो. गावी गेलो की विहिरींत डोकावतो. दोन्हीकडचे लोक मला आता जरा सांभाळूनच घेतात. घर कुठे, असं कोणी विचारलं की नशिराबाद सांगतो, पण डोळ्यांपुढे येतो तो खोक्यातला शेवटचा पुडा. त्यातला भुगा विटकरी आहे. वर लिहिलंय: ‘एकशे नव्वद फूट. पानी लागलं. काहून लागलं ते सांग.’