सोहारची पदवी, युरोपचा शिक्का

रत्नागिरीहून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी ओमानला आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. सोहारच्या एका अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात देखभाल विभागात लागलो आणि चौदा वर्षांत टेक्निशियनचा सुपरवायझर झालो. त्याच्या पुढे मात्र काही हलेना. वरच्या प्रत्येक जागेच्या जाहिरातीत पहिली अट एकच असायची, इंजिनिअरिंगची पदवी. ज्या पंपांचा आवाज ऐकून मी त्यांचं दुखणं सांगायचो, त्यांच्या दुरुस्तीच्या कागदावर सही करायला नवा पदवीधर यायचा. माणसं भली असायची. "कुठे सही करू?" असं मलाच विचारायची.

कॉलेजचा फॉर्म बायकोनेच आणून दिला. ती इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवते. "अहो, दर वर्षी त्या जाहिराती वाचून चिडण्यापेक्षा एकदा परीक्षा देऊन टाका," ती म्हणाली. मी म्हटलं, "अडतिसाव्या वर्षी?" ती म्हणाली, "थांबलात तर एकोणचाळिसाव्या."

सोहारमधल्याच एका कॉलेजात नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग होते. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो आणि सगळे उठून उभे राहिले. त्यांना वाटलं सर आले. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा जो हशा पिकला, त्यात सगळ्यात मोठ्याने हसली ती पुढच्या बाकावरची एक ओमानी मुलगी. बंदरातल्या तपासणी प्रयोगशाळेत ती काम करायची. आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, पण त्या दिवसापासून ती मला 'मुहंदिस' म्हणू लागली. अरबीत मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. मी म्हणायचो, "अजून झालो नाही." ती म्हणायची, "इन्शाल्ला!"

ती वर्गात पहिली यायची. मी जेमतेम पास व्हायचो. गणित घरी बायकोकडून शिकायचो, आणि ती शाळेतल्या पोरांना रागावते तशीच मलाही रागवायची. पण एक गोष्ट माझ्या बाजूने होती. पुस्तकातलं जवळजवळ प्रत्येक यंत्र मी हाताने खोललेलं होतं. सर फळ्यावर आकृती काढायचे आणि मला तिथे तेलाचा वास यायचा.

शेवटच्या वर्षी मात्र मी मागे पडलो. प्रोजेक्टच्या ऐन दिवसांत कारखान्यात मोठं शटडाऊन निघालं, म्हणजे यंत्रं बंद ठेवून सगळ्यांची दुरुस्ती. सहा आठवडे बारा-बारा तासांची ड्युटी. बाकीच्यांनी जूनमध्ये पदवी घेतली, ती ओमानी मुलगी पहिली आली. मी समारंभाला प्रेक्षक म्हणून गेलो, टाळ्या वाजवल्या आणि घरी आलो. माझा प्रोजेक्ट पुढच्या सत्रावर गेला होता.

त्या पुढच्या सत्रातच विभागप्रमुखांनी बातमी दिली. ते इजिप्तचे, एरवी फार शांत. त्या दिवशी हातातला खडू टेबलावर आपटत बोलत होते. युरोपातून एक समिती आमचा अभ्यासक्रम तपासायला येणार होती. त्यांनी मान्यता दिली तर आमच्या पदवीवर एक शिक्का लागणार होता, आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत तो शिक्का ओळखला जातो.

"म्हणजे तिकडे नोकरी मिळणार?" मागून कोणीतरी विचारलं.

"नोकरी तुमची तुम्ही मिळवायची," सर म्हणाले. "पण आज तुम्ही तिकडे पदवी दाखवलीत तर ते विचारतात, हे सोहार कुठे आहे, तिथे काय शिकवतात? एकेक विषय उलगडून दाखवावा लागतो. शिक्का असला की हा प्रश्न निम्म्याहून जास्त संपतो. तिथली पदवी आणि ही पदवी एकाच मापाने मोजलेली आहे, एवढं तो सांगतो."

एकाच मापाने! मी आयुष्यभर मायक्रोमीटर हातात धरलेला माणूस. ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. घरी येऊन मी बायकोला आणि मुलीला ते तीनदा सांगितलं. मुलगी नववीत होती. तिचं मराठी अडखळत चालतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही खूप एक्सायटेड झालात का?" मी म्हटलं, "झालो." 

समितीत चार जण होते. तीन दिवस त्यांनी प्रयोगशाळा पाहिल्या, शिक्षकांना बोलावलं, उत्तरपत्रिका चाळल्या. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांची पाळी. सरांनी पाठवलेल्या दहा जणांत माझं नाव पाहून मला घाम फुटला. इंग्रजी माझं कारखान्याचं, त्यात अर्धं हिंदी आणि चिमूटभर अरबी. बायकोने माझा एकुलता एक कोट इस्त्री करून दिला. वर म्हणाली, "पाठ करून जाऊ नका, अडकलात की सगळंच विसराल."

खोलीत लांब टेबल होतं. मधोमध पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापक बाई, पोर्तुगालच्या. त्यांनी सगळ्यांना एकेक प्रश्न विचारला. माझ्याकडे वळल्या आणि चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं काम केलंय. मग या कॉलेजने तुम्हाला नवीन असं काय दिलं?"

मला वाटलं होतं प्रयोगशाळेविषयी विचारतील. मग मी पंपाची गोष्ट सांगितली.

आमच्या कारखान्यात थंड पाणी फिरवणारा एक पंप होता. त्याचं बेअरिंग दर दोन-तीन महिन्यांनी जायचं. नऊ वर्षं मी ते बदलत होतो, आणि इतक्या झटपट बदलायचो की साहेब पाठ थोपटायचे. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी आम्हाला कंपनांचा विषय आला. प्रत्येक वस्तूचा स्वतःचा थरथरण्याचा एक वेग असतो, सर सांगत होते, आणि मी वर्गात बसल्या बसल्या त्या पंपाखालचा लोखंडी सांगाडा बघत होतो. दुसऱ्या दिवशी पंप बंद करून त्या सांगाड्याला रबरी हातोडा मारला आणि मीटर लावून मोजलं. सांगाडा स्वतःहून ज्या वेगाने थरथरायचा, जवळजवळ त्याच वेगाने पंप फिरत होता. बेअरिंगचा काही दोषच नव्हता. आम्ही सांगाड्याला आडव्या पट्ट्या जोडून घेतल्या, खालची पोकळी सिमेंटने भरली. थरथर बसली.

"आणि बेअरिंग?" बाईंच्या शेजारचे गृहस्थ पुढे झुकले. ते फिनलंडच्या कुठल्याशा कारखान्यातले इंजिनिअर होते.

"बाविसावा महिना चालू आहे," मी म्हटलं. "अजून तेच आहे."

ते गृहस्थ खुर्चीवरून उठलेच! हातोडा कुठे मारला, मीटर कुठे लावलं, पट्ट्या किती जाडीच्या, विचारत सुटले. मी त्यांच्या वहीत आकृती काढून दाखवली. इंग्रजी कुठे अडलं ते मला आठवतही नाही. शेवटी बाई हसून म्हणाल्या, "आपल्याला बाकीच्यांनाही वेळ द्यायचा आहे."

त्याच दुपारी माजी विद्यार्थ्यांची मुलाखत होती. ती ओमानी मुलगी आत गेली आणि तासाभराने बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. "मी त्यांना सगळं सांगितलं," ती म्हणाली, "काय चांगलं आहे तेही, आणि काय कमी आहे तेही." नंतर सरांकडून कळलं, समितीला सगळ्यात पटलं ते तिचंच बोलणं.

जानेवारीत माझा प्रोजेक्ट पार पडला. पदवी हातात आली. समितीचा निकाल मात्र उन्हाळ्यापर्यंत आला नाही. मग एका सकाळी मी पंपघरात असताना फोन थरथरला. हातमोजा दातांनी ओढून काढला. तिचाच मेसेज होता, नुसते तीन शब्द: "मुहंदिस, मबरूक, मबरूक!" अभिनंदन! मान्यता मिळाली होती. त्या आवाजात कोणाला काही ऐकू जाणार नव्हतं, म्हणून मी मनसोक्त ओरडलो. मग बाहेर येऊन बायकोला फोन केला. ती वर्गात होती. तिने पहिल्यांदाच तास चालू असताना माझा फोन उचलला.

दोन दिवसांनी पूर्ण पत्र आलं आणि एक अडचण समोर आली. मान्यता ज्या शैक्षणिक वर्षात समिती आली त्या वर्षापासून लागू होती. शटडाऊनमुळे मागे पडलेला मी त्या वर्षात बसत होतो. वेळेवर, पहिली येऊन पास झालेली ती बसत नव्हती.

मी तिला भेटायला बंदराजवळच्या चहाच्या दुकानात गेलो. तिने फिनलंडमध्ये मास्टर्सला अर्ज केला होता आणि तो याच शिक्क्यासाठी अडून होता, हे मला माहीत होतं. "खलास, जाऊ दे," ती म्हणाली, "तुमचं झालं ना, मी खूश आहे." ती खरंच खूश होती, आणि म्हणूनच मला बसवेना. ज्या अभ्यासक्रमासाठी ती समितीपुढे बोलली, त्याचाच शिक्का तिला नाही?

परत येताना गाडीत एकदम लक्षात आलं. समिती आली तेव्हा सत्र नुकतंच सुरू झालं होतं. मग त्यांनी उत्तरपत्रिका कोणाच्या तपासल्या? आदल्या वर्षाच्या! आमच्याच तुकडीच्या! मी गाडी वळवली आणि थेट सरांकडे गेलो.

सरांनी कपाटातून यादी काढली. प्रत्येक विषयाची सगळ्यात वरची, एक मधली आणि पास झालेल्यांतली सगळ्यात खालची उत्तरपत्रिका समितीने मागून घेतली होती. बहुतेक वरच्या तिच्या होत्या. सर खाली मान घालून हसायला लागले. "आणि उष्णतेच्या विषयातली सगळ्यात खालची कोणाची, माहीत आहे?" मी ओळखलं. एक्केचाळीस मार्क. आयुष्यात पहिल्यांदा मला कमी मार्कांचा अभिमान वाटला.

आम्ही तिघांनी बसून पत्र लिहिलं. मुद्दा साधा होता: तुम्ही जे मोजलंत ते या तुकडीचं काम होतं, अभ्यासक्रम तोच, शिक्षक तेच, प्रयोगशाळा त्याच. मग ज्यांचं काम मोजून मान्यता दिलीत, ते बाहेर कसे? तिने भाषा नीट केली, सरांनी यादी जोडली, कॉलेजने पाठवलं. पाच आठवडे आम्ही रोज एकमेकांना विचारायचो, "आलं?" आणि रोज उत्तर यायचं, "नाही."

आलं तेव्हा ती स्वतः आमच्या घरी आली, वडिलांना घेऊन. दार उघडताच तिने फोन माझ्या तोंडासमोर धरला. मान्यता एक वर्ष मागे नेली होती. बायकोने शिरा केला, तिच्या वडिलांनी खजुरांचा मोठा डबा आणला होता. वडील बंदरातले निवृत्त क्रेनचालक. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि अरबीत बरंच काही बोलले. मला त्यातलं फक्त 'मुहंदिस' कळलं. या वेळी मी "अजून झालो नाही" असं म्हणालो नाही.

ती सप्टेंबरात फिनलंडला गेली. माझी गोष्ट जर्मनीत अडकली होती. आम्हाला पंप पुरवणाऱ्या तिथल्या कंपनीला आखातासाठी सर्व्हिस इंजिनिअर हवा होता. माणूस म्हणून मी त्यांना पसंत होतो. पण जर्मनीत स्वतःला इंजिनिअर म्हणवायला परवानगी लागते. बाहेरची पदवी असेल तर तिथल्या संबंधित संस्थेकडून ती मागावी लागते. मी पदवी, गुणपत्रिका, त्यांची जर्मन भाषांतरं आणि मान्यतेचं प्रमाणपत्र पाठवलं. सरांनी दिलेला विषयवार अभ्यासक्रमाचा जाडजूड गठ्ठाही तयार ठेवला होता. तो कोणी मागितलाच नाही.

सहाव्या आठवड्यात दोन पानांचं जर्मन पत्र आलं. मुलीने फोनमधल्या अ‍ॅपवर त्याचं भाषांतर करून मला मराठीत वाचून दाखवलं, अडखळत, एकेक शब्द शोधत. "अर्जदाराला... इंजिनिअर ही... पदवी... नाही, उपाधी... लावण्याची परवानगी देण्यात येत आहे." मग तिने मान वर केली. "बाबा, म्हणजे येस!"

तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी मला जानेवारीत जर्मनीला निघायचं होतं. जाड जॅकेट हवं म्हणून आम्ही तिघं सोहारच्या मॉलमध्ये गेलो. ऑक्टोबर होता, बाहेर अजूनही अंग भाजत होतं. दुकानदाराने माळ्यावरून एकमेव जॅकेट काढलं, काळं, गुडघ्यापर्यंतचं. मी ते घालून आरशासमोर उभा राहिलो, चेन गळ्यापर्यंत ओढली. बायको मागे उभी राहून खांदे नीट करत होती. 

"बाह्या लांब आहेत," ती म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं. घामाची धार पाठीवरून खाली चालली होती, आणि ते काढायची मला अजिबात घाई नव्हती.