राखेतला गुडघा

महाडचे हे डॉक्टर माणसाचा चेहरा लक्षातच ठेवत नाहीत. तळ्यापाशी भेटले तरी आधी आपल्या गुडघ्यांकडे बघतात. ऑपरेशनने बसवलेले गुडघे आमच्या डोंगरी चढउतारांवर जास्त वर्षं कसे टिकतील, हेच त्यांचं संशोधन. त्यासाठी ते पेशंटच्या घरी जातात, चुलीपाशी बसून उठायला लावतात आणि डोळे मिटून गुडघ्याचा आवाज ऐकतात. हाताला गुण आहे, पण मला त्या मिटलेल्या डोळ्यांची भीती वाटते.

उमरठच्या एका आजीची राख सावडायलाही ते आले होते. राखेतून तिचा धातूचा गुडघा निघाला. त्यांनी तो रुमालाने पुसला, उन्हात फिरवून फिरवून कुठे किती झिजलाय ते बघितलं.

"आगीत सांध्यातलं प्लास्टिक जातं. धातू मात्र बोलतो."

आजीचा मुलगा म्हणाला, "न्या डॉक्टर. आमाला काय करायचा हाय?"

माझ्या आईचे गुडघेही त्यांनीच बदललेत. परवा ते घरी आले. आई ओटीवरून चालून दाखवत होती.

"सुरेख," ते गुडघ्यांना म्हणाले.

निघताना चपला घालता घालता त्यांनी मला हळूच विचारलं, "तुमच्यात राख कधी सावडतात? दुसऱ्या दिवशी की तिसऱ्या?"