कायम वास्तव्य नाही

बाळांनो, परवा तुम्ही दोघांनी फोनवर सांगितलंत की दिवाळीची तिकिटं काढली आहेत, पण थोरल्याच्या छकुलीची भारतीय नागरिक म्हणून नोंदणी तिकडच्या वकिलातीत अजून झालेली नाही. मग थोरला म्हणाला, "आजी, तू पोलिसात अधिकारी होतीस ना. कोणाला तरी एक फोन टाक." मी "बघते" म्हणाले. मी फोन करणार नाही. कारण लिहून कळवते, कारण बोलताना मी अर्ध्यावर विषय बदलेन.

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं विसरले. ही एक घटना विसरायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

तेव्हा मी यवतमाळला पोलीस अधीक्षक कार्यालयात होते. जिल्ह्यातल्या परकीय नागरिकांच्या नोंदी आणि नागरिकत्वाच्या अर्जांवरचे चौकशी अहवाल माझ्याकडे असत. काम थोडं होतं आणि मी ते नीटनेटकं ठेवत असे. शुक्रवारी संध्याकाळी माझ्या टेबलावर एकही फाइल उरत नसे. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझे अहवाल साहेब न खोडता पुढे पाठवत, याचा मला अभिमान होता.

एका सकाळी बाभुळगाव तालुक्यातल्या एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"मॅडम, ते परदेशी पोरगीवाली बाई निघाली. मोठ्या बॅगा हायेत. नागपूरची गाडी पकडनार म्हन्ते."

"कोणती बाई?"

"काहून, तुमच्याच चौकशीत आलती नं. कायम राहनारी नाही म्हनून लिहून गेले तुमचे लोकं."

मी फाइल काढली. पोरगी साडेतीन वर्षांची. आईबाप दोघं भारतीय, पण तिचा जन्म बापाच्या नोकरीच्या देशात झालेला, म्हणून पासपोर्ट त्या देशाचा. वर्षाच्या आत वकिलातीत नोंद करायची राहून गेली होती. आई तिला घेऊन भारतात आली, मुलीच्या नागरिकत्वासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज केला. दरम्यान मुलीच्या व्हिसाची मुदत संपली. अशा मुलाला देशाबाहेर न्यायचं तर आमच्याकडून परवानगी लागते. ती घेतलेली नव्हती. आमच्या अहवालात शेरा होता, 'सदर महिला माहेरी तात्पुरती आलेली असून कायम वास्तव्य नाही.' खाली माझी सही.

परक्या देशाचं मूल, आई ठावठिकाण्याची नाही, आणि घाईने प्रवास. मला वाटलं, बापापासून मूल पळवण्याचा प्रकार आहे. बसस्थानकावरून दोघींना आणवलं. नियमाप्रमाणे मुलीला महिला शिपायांच्या खोलीत बसवलं आणि आईला माझ्यासमोर.

"मूल कोणाचं?"

"माझं."

"बापाला माहीत आहे?"

"त्यानंच बोलावलं. कारखान्यात अपघात झाला त्याचा. दवाखान्यात हाय. पोरीले पाहाचं म्हन्ते."

"परवानगी कुठे आहे?"

तिने पर्समधून अर्जाची पोचपावती काढली, चौकोनी घडी घातलेली. "हे दाखवली की जाऊ देतात म्हने."

"कोण म्हणे?"

ती गप्प बसली. गप्प बसणारा माणूस लपवतो, असं मी नव्या मुलांना शिकवत असे. तासभर मी तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. खोटं बोलणारा दर वेळी थोडं वेगळं सांगतो. ती दर वेळी तेच सांगत होती, तरी मी थांबले नाही.

तेवढ्यात महिला शिपाई दारात आली. हसू दाबत होती. "मॅडम, पोरगी परदेशी म्हनता, अन् बोलून राह्यली माझ्या सासूवानी."

मी उठून गेले. मुलगी बाकावर बसली होती, हातातलं बिस्किट तसंच. मला बघून म्हणाली, "मले हे नाही पायजे. माह्या आईले काहून बसवलं तुमी?"

थोडे दिवस आलेल्या पाहुण्यांचं पोर असं बोलत नाही. ही भाषा अंगणात खेळून येते, तिला दोन वर्षं लागतात. मी खुर्चीवर परत आले आणि फाइल पहिल्यांदाच शेवटच्या पानापर्यंत उलटली. अर्जाला अंगणवाडीचा दाखला जोडलेला होता. मुलगी गेलं दीड वर्ष रोज हजर. तो कागद पहिल्या दिवसापासून तिथे होता. शुक्रवारच्या घाईत मी फक्त वरचा शेरा वाचून सही केली होती.

दुपारी त्या बाईचे वडील आले. धोतर, टोपी, हातात डब्याची पिशवी, लेकीने काही खाल्लं नसेल म्हणून.

"बाबा, आमच्या शिपायाला तुम्ही काय सांगितलं होतं?"

"त्यानं इचारलं, लेक इथंच राह्यते काय. म्या म्हनलं, दिलेली लेक हाय, तिचं घर नवऱ्याकडं. इथं आली हाय."

"पण ती दोन वर्षं इथेच आहे ना?"

"हाय नं. पन बाई, दिलेली लेक बापाकडं राह्यते, असं चार लोकायसमोर कोन सांगते?"

तेच उत्तर माझ्या वडिलांनीही दिलं असतं. शिपाई पोरसवदा होता, पण मी बाई होते, एका मुलीची आई होते. मला ते कळायला हवं होतं. तो शेरा गेला नसता तर मुलीचं काम कधीच मार्गी लागलं असतं.

मी त्याच्या लेकीला म्हटलं, "तुझा पासपोर्ट ठीक आहे. तू एकटी जा, मुलगी आजोबांकडे राहील."

"एकटी जाऊन काय दाखवू त्याले?" एवढंच ती म्हणाली.

त्याच दिवशी मी नवा अहवाल लिहिला आणि परवानगीचे कागद हातोहात फिरवले. पण पहिला अहवाल का चुकला, तेही लिहावं लागणार होतं. मी लिहिलं, 'मुलीच्या आजोबांनी दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे.' अंगणवाडीच्या दाखल्याचा उल्लेख केला नाही. म्हाताऱ्याला वाचून दाखवलं. त्याने मान खाली घालून सही केली. "माझ्या तोंडानं झालं बाई हे," म्हणाला. मी त्याला "नाही" म्हटलं नाही.

परवानगी नवव्या दिवशी आली. आठव्या दिवशी मुलीचा बाप गेला. दोघी गेल्या त्या अंत्यसंस्काराला.

पुढे मुलीची नोंदणी झाली. प्रमाणपत्र मिळालं तेव्हा आई मला पेढे द्यायला आली. मी पेढा घेतला, आणि तेव्हाही बोलले नाही. म्हातारा दोन वर्षांनी वारला. शेवटपर्यंत त्याला वाटत राहिलं की नातीची आणि तिच्या बापाची भेट त्याच्या शब्दामुळे चुकली.

या प्रकरणाने मला चौकशी शिकवली. बाई कुठे राहते, हे विचारू नये. तिचे कपडे कुठल्या कपाटात आहेत, मूल कोणासोबत खेळतं, हे विचारावं. आणि जोडलेले कागद आधी वाचावेत, शेरा नंतर. मात्र ज्या लोकांच्या जिवावर मी हे शिकले, त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

म्हणून तुम्ही छकुलीचे कागद स्वतः पूर्ण करा. नोंदणी होईपर्यंत तिकिटं पुढे ढकला. मी ओळखीतून फोन केला तर कोणीतरी माझ्यासारखाच घाईत सही करील.

त्या दुसऱ्या अहवालाची झेरॉक्स माझ्या लोखंडी कपाटात आहे. त्यावर म्हाताऱ्याची वाकडी सही आहे, आणि तिच्याखाली माझी.